साखर रक्तातून येते की ताटातून?

यंदाच्या वर्षावासात कळमनुरीच्या एका वस्तीत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. कर्मावरचा भाग आला. गेल्या जन्मीचे कर्म या जन्मी चिकटते हे म्हणणे बाबासाहेब तिथे खोडून काढतात. मूल जे घेते ते आईबापाकडून घेते, कुठल्या तरी मागच्या जन्माकडून नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. वाचन थांबले तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या एका आजीने विचारले, "बाबासाहेबानं लिव्हलंय का लेकरू मायबापाकडून घेतं. मग माह्या खानदानीत कोनालाच साखर नव्हती. माही नात तीस वर्षाची, अंगानं काडी. दिवस गेले आन् साखर निघाली. कामून? शेजारीण म्हनती, भोग हाय."

त्या संध्याकाळी मी दोन-चार वाक्यांत काहीतरी सांगितले. आजीला ते पटले नाही आणि मलाही पटले नाही. तिच्या प्रश्नाला खरे उत्तर आहे, पण ते दोन-चार वाक्यांत मावत नाही. म्हणून यावेळचे आरोग्याचे पान त्या आजीसाठी.

आपल्या शरीरात अब्जावधी पेशी आहेत. जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबलचक धागा असतो. एका पेशीतला धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. या धाग्यावर जी कामाची सूत्रे लिहिलेली असतात त्यांना जनुके म्हणतात. माणसात प्रथिने घडवणारी अशी सुमारे वीस हजार जनुके आहेत. अर्धा संच आईकडून येतो, अर्धा बापाकडून. इथपर्यंत शाळेत शिकलेले बहुतेकांना आठवत असेल.

पण एक गोष्ट शाळेत नीट सांगितली जात नाही. डोळ्याच्या पेशीत आणि काळजाच्या पेशीत जनुके तीच असतात. हाडात तीच, कातडीत तीच. मग डोळा डोळा का होतो आणि काळीज काळीज का? विहारातल्या ग्रंथाचेच उदाहरण घेऊ. समजा घरोघरी ग्रंथ एकच आहे, पण एका घरी काही पाने दोऱ्याने बांधून ठेवली आहेत आणि दुसऱ्या घरी वेगळीच पाने बांधली आहेत. अक्षर एकही बदललेले नाही, पण वाचले जाते ते वेगळे. पेशीचेही तसेच आहे. कोणते जनुक वाचायचे, कोणते मिटून ठेवायचे, कोणते हळू आवाजात वाचायचे हे ठरवणाऱ्या खुणा जनुकांवर असतात. या खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. शब्द अवघड आहे. आपण 'जनुकांवरच्या खुणा' म्हणू.

यातल्या दोन खुणा सर्वांत जास्त अभ्यासल्या गेल्या आहेत. पहिली, मिथाइलची टिकली. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच तिचा जीव. ती डीएनएच्या ठरावीक अक्षरावर चिकटते, आणि जनुकाच्या तोंडाशी अशा टिकल्या दाट बसल्या की ते जनुक बहुधा मिटते. दुसरी खूण म्हणजे धागा गुंडाळण्याची पद्धत. डीएनए प्रथिनांच्या बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. घट्ट गुंडाळला तर वाचता येत नाही, सैल सोडला तर येतो.

आईच्या पोटात एका पेशीपासून बाळ घडते ते याच खुणांमुळे. सुरुवातीच्या पेशी काहीही होऊ शकतात. दिवस जातील तशी पाने बांधली जातात. ही पेशी रक्ताची, ही मेंदूची, ही हाडाची असे ठरत जाते, आणि एकदा ठरले की पेशीची पिलावळही तीच खूण पुढे चालवते.

हे काम डोळ्यांनी पाहायचे असेल तर वस्तीतली तीनरंगी मांजर पाहा. काळा, भगवा आणि पांढरा असे तीन रंग अंगावर असलेली मांजर जवळपास नेहमी मादीच असते. मादीला एक्स नावाचे गुणसूत्र दोन असतात, आणि गर्भात असतानाच प्रत्येक पेशी त्यातले एक बंद करते. एका एक्सवर काळ्या रंगाचे जनुक, दुसऱ्यावर भगव्याचे. ज्या पेशीने काळे बंद केले तिची पिलावळ भगवा डाग होते, जिने भगवे बंद केले तिची काळा. मांजरीच्या पाठीवर दिसतो तो खुणांचा नकाशाच. प्रत्येक बाईच्या शरीरातही असेच एक एक्स बंद असते, फक्त ते कातडीवर दिसत नाही.

मोहोळाचेही तसेच. राणी माशी आणि कामकरी माशी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून निघतात. अळीला काय आणि किती खाऊ घातले यावर ठरते की ती आयुष्यभर अंडी घालणारी राणी होईल की राबून मरणारी कामकरी. जन्माने राणी कोणी नसते, खुराकाने होते. हे वाचून आपल्या माणसांच्या मनात जे यायचे ते येईलच.

आता ताटाकडे. मिथाइलची टिकली शरीराला फुकट मिळत नाही, ती अन्नातून येते. ती तयार करून इकडून तिकडे पोचवण्यात फोलेट आणि बी-१२ या दोन जीवनसत्त्वांचा मोठा हात असतो. फोलेट पालेभाज्यांत आणि डाळींत असते. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते. झाडापाल्यात ते नसतेच म्हटले तरी चालेल. म्हणजे आईच्या ताटात काय पडले याचा बाळाच्या जनुकांवरच्या खुणांशी थेट रासायनिक संबंध आहे.

अमेरिकेत वॉटरलँड आणि जर्टल या दोन शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्या जातीच्या उंदरांत एक जनुक मोकळे राहिले की उंदीर पिवळा होतो, पुढे लठ्ठ होतो आणि त्याला साखरेचा आजार होतो. गाभण उंदरिणींच्या खाद्यात फोलिक ॲसिड, बी-१२ आणि तशीच एक-दोन द्रव्ये जास्त घातली. पिले जास्त करून तपकिरी निघाली. जनुक तेच, त्याच्यावर टिकल्या बसल्या आणि ते मिटले. आई काय खाते यावरून पिलाचा रंग बदलला. उंदीर म्हणजे माणूस नाही हे खरे. पण माणसांतही एक भयंकर प्रयोग घडला, आणि तो कोणी शास्त्रज्ञाने केला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन फौजांनी नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची रसद तोडली. माणशी दिवसाला हजार उष्मांकांहून कमी शिधा मिळू लागला. तरीही बायकांना दिवस जात होते, बाळे जन्मत होती, आणि त्यांच्या नोंदी नीट ठेवल्या गेल्या. त्यामुळे पुढे पन्नास-साठ वर्षांनी त्या माणसांना शोधून तपासता आले. गर्भात असताना ज्यांनी उपासमार सोसली त्यांच्यात मोठेपणी रक्तातली साखर हाताळण्याची ताकद कमी आढळली. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. उपासमारीच्या महिन्यांत ज्यांचा गर्भ राहिला त्यांच्या आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकावर, त्यांच्याच सख्ख्या भावाबहिणींच्या मानाने, मिथाइलच्या टिकल्या कमी होत्या. साठ वर्षांनंतरही. पोट भरून दशके लोटली होती, खूण राहिली होती.

आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ सांगणारी माणसे वस्तीत अजून आहेत. खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापलेली. आजीला मी विचारले तर ती म्हणाली, "माही थोरली तवा पोटात व्हती." थोरली म्हणजे या नातीची आई. हिशोब करा. मुलगी आईच्या गर्भात पाच महिन्यांची असते तेव्हाच तिच्या अंगात साठ-सत्तर लाख बीजांडे तयार झालेली असतात. पुढे जन्मभर त्यांतलीच वापरली जातात. आजी खडीवर होती तेव्हा तिच्या पोटात लेक होती, आणि ज्या बीजांडातून पुढे नात झाली ते लेकीच्या पोटात होते. एका उपाशी शरीरात तीन पिढ्या.

म्हणून नातीची साखर बहात्तरच्या दुष्काळामुळेच, असे मात्र म्हणता येत नाही. तिथे घाई करू नये. गर्भधारणेनंतर लगेच आधीच्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. बीजांडे आणि शुक्राणू घडतानाही एकदा मोठी पुसापुशी होते. निसर्ग पाटी कोरी करूनच नव्या बाळाच्या हाती देतो. काही थोड्या खुणा मात्र मुद्दाम राखल्या जातात. आयजीएफ-२ हे त्यातलेच, आपल्यात बापाकडून आलेली त्याची प्रत चालते आणि आईकडची मिटलेली असते. भुकेच्या खुणा ही पुसापुशी ओलांडून नातवंडांपर्यंत पोचतात का, यावर माणसांच्या बाबतीत शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. आईकडून बाळाकडे जाणारा परिणाम पक्का आहे. त्यापुढचे जपून बोलावे.

## पुण्याजवळच्या सहा गावांत

आजीच्या नातीचे उत्तर खरे तर नेदरलँड्सपेक्षा आपल्याच राज्यात सापडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक गोष्ट खटकत होती. पाश्चात्त्य पुस्तकांत साखरेचा आजार म्हणजे लठ्ठ आणि वयस्क माणसाचा आजार. त्यांच्याकडे येणारे रोगी तर तरुण आणि बारीक होते. त्यांचा आणि इंग्लंडमधले डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. दोघांची उंची-वजनाची मोजणी अगदी सारखी, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. आपल्या माणसाची चरबी आत लपलेली.

ही गोष्ट कुठून सुरू होते हे पाहायला त्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. बायकांना दिवस जाण्याआधीपासून त्यांची मापे घेतली, गरोदरपणात त्या काय खातात, किती राबतात हे नोंदले, आणि बाळ जन्मल्याबरोबर मोजले. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन गावच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सगळ्या बाजूंनी लहान होती, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. बारीक दिसणारी, पण चरबी राखून असलेली बाळे. जणू गर्भातच शरीराने ठरवले की बाहेर दुष्काळ आहे, स्नायू-अवयव थोडक्यात उरका, चरबी साठवा. मग बाहेर आल्यावर दुष्काळ नसतो, बिस्किटे असतात, साखरेचा चहा असतो, तळलेले असते, बसून काम असते. शरीराची तयारी एकीची आणि गाठ पडली दुसरीशी. नातीच्या काडीसारख्या अंगात साखर कशी, याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी निघाल्या. एक, बाळाचे वजन आईने एकूण किती खाल्ले यापेक्षा ती पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाते याच्याशी जास्त जुळत होते. दुसरी, ज्या बायका गरोदरपणी जास्त कष्टाची कामे करत होत्या, शेतातली, पाण्याची, त्यांची बाळे लहान भरत होती.

दुसरी गोष्ट वाचताना मला १९२८ आठवते. त्या वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती रजेचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. जनुकांवरच्या खुणांचे शास्त्र तेव्हा जन्मलेही नव्हते. आणि आज आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणारी बाई सहाव्या-सातव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिला कुठली रजा?

पुढे त्या सहा गावांतली मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांचे रक्त तपासले. गरोदरपणी घेतलेल्या नमुन्यांत साधारण तीनपैकी दोन आयांमध्ये बी-१२ कमी होते, फोलेट मात्र बहुतेकींचे ठीक होते. ज्यांच्या आईत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते त्या मुलांच्या शरीरावर इन्शुलिन सर्वांत कमी चालत होते. साखरेच्या आजाराची ती पहिली पायरी. ही दोन जीवनसत्त्वे बैलजोडीसारखी आहेत, एकटाच बैल ओढू लागला की गाडी वाकडी जाते. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुण्याच्या गटाबरोबर काम करून २०१८ मध्ये दाखवले की मुलांना बी-१२ दिल्यावर साखरेच्या आजाराशी संबंध असलेल्या काही जनुकांवरच्या मिथाइल खुणा बदलतात. खूण दगडावरची रेघ नाही.

इथे एक धोक्याची सूचना. हे वाचून कोणीही फोलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. ती गोळी बाळाच्या पाठीच्या कण्याचा आणि मेंदूचा दोष टाळते, आणि लोहाबरोबर मिळून आईचे रक्त वाढवते. गोळी सोडायची नाही, ताटात बी-१२ वाढवायचे.

## मुंबईच्या झोपडपट्टीतला समोसा

दुसरा अभ्यास तर आपल्यासारख्याच वस्त्यांतला आहे. २००६ पासून काही वर्षे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत साडेसहा हजार बायकांना रोज एक खाऊ दिला गेला. दिवस जाण्याआधीपासून ते बाळंत होईपर्यंत. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते, निम्म्या जणींच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्या. दिसायला दोन्ही समोसा-कटलेटसारखेच.

निकाल सरळ नव्हता, आणि तो आहे तसाच सांगायला हवा. सगळ्या बायका धरल्या तर बाळांच्या वजनात फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस जाण्याआधी निदान तीन महिने खाऊ खाल्ला होता त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. त्यातही अगदी हडकुळ्या बायकांना फायदा झाला नाही, ज्यांच्या अंगात थोडे मांस होते त्यांना झाला. आणि गरोदरपणातली साखर? भाजी-फळे-दुधाच्या खाऊवाल्यांत १०० पैकी साधारण ७ जणींना निघाली, दुसऱ्या गटात १२ जणींना. आजी, हा आकडा तुमच्यासाठी.

यातून निघते ते असे, की दिवस गेल्याचे कळल्यावर डॉक्टरकडे जाऊन खाणे सुधारणे हे चांगलेच, पण उशिराचे. खुणांची सर्वांत मोठी पुसापुशी आणि नवी मांडणी गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत होते, पाळी चुकायच्याही आधी. म्हणून बाळाची काळजी घ्यायला सुरुवात करायची ती सातवीतल्या, नववीतल्या पोरीच्या ताटापासून. घरात भाकरी कमी पडली तर शेवटी जेवणारी पोर आणि शेवटी जेवणारी सून, हीच पुढची आई असते.

## रक्ताच्या गप्पा

या शास्त्राचा गैरवापरही चालू झाला आहे, आणि तो दोन दिशांनी होतो. शहरांत आता 'गर्भसंस्कारा'चे वर्ग चालवणारे एपिजेनेटिक्सचे नाव घेतात. अमुक मंत्र ऐकवा, अमुक तूप घ्या, जनुके बदलतील, उत्तम संतती होईल. हजारो रुपये घेतात. वर सांगितलेल्या एकाही अभ्यासात मंत्र नव्हता. भाजी होती, दूध होते, विसावा होता.

दुसरा गैरवापर जास्त बोचतो. "पिढ्यान्‌पिढ्या उपाशी राहिलेल्यांची जनुकेच बिघडली" असे बोलणारे सुशिक्षित लोक मला भेटले आहेत, त्यातले काही आपलेच. हा जातीचाच नवा अंगरखा. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या पुस्तकात बाबासाहेबांनी जात म्हणजे रक्ताची शुद्धी, जात म्हणजे उत्तम वंशाची निवड, या दोन्ही दाव्यांचा समाचार घेतला आहे. जात वंश सुधारण्यासाठी असती तर या देशात शरीराने धडधाकट माणसे दिसली असती, असा त्यांचा टोला होता. खुणांचे शास्त्र त्यांच्याच बाजूला उभे राहते. जनुक बिघडलेले नाही, अक्षर तेच आहे. खूण बसली असेल तर ती भुकेने आणि कष्टाने बसली, आणि भूक-कष्ट माणसांनी वाटून दिले होते. शिवाय वारसा नेहमी खुणांचाच असतो असेही नाही. अर्धपोटी वाढलेली पोर बुटकी राहते, लवकर लग्न होते, लहान शरीरातून लहान बाळ होते, ते पुन्हा अर्धपोटी वाढते. हा वारसा चालायला जनुकाची गरजच नाही, रेशनकार्डावरून नाव कापले जाणे पुरेसे आहे.

आणखी एक. हे वाचून कोणी सुनेला "तुझ्यामुळे बाळ असे झाले" म्हणणार असेल तर हे पान फाडून टाकलेले बरे. आईच्या ताटात काय पडते हे आई एकटी ठरवत नाही. बापाच्या बीजावरही खुणा असतात, त्याची बिडी घरातल्या सगळ्यांच्या छातीत जाते, आणि मजुरीतले किती पैसे घरी येतात ते तर बहुधा तोच ठरवतो.

मिसरीबद्दल मात्र बायकांशीच बोलावे लागेल. आपल्याकडे गरोदर बाईसुद्धा मिसरी लावते, "मळमळ थांबते" म्हणते. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात (२००४) मिसरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. तीन महिने रोज पौष्टिक खाऊ देऊन जे ४८ ग्रॅम मिळाले त्याच्या दुप्पट मिसरीने नेले.

खायचे काय, हे सांगताना महागडी यादी देण्यात अर्थ नाही. तांदुळजा, करडईची कोवळी भाजी, चिवळ, घोळ, अंबाडी, शेवग्याचा पाला, यातले बरेचसे आपल्या शेताबांधावर उगवते. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि शिजवलेले पाणी फेकू नये, फोलेट त्याच पाण्यात उतरते. मूग, तूर, हरभऱ्याची डाळ. बी-१२ साठी अंडे हा सर्वांत स्वस्त मार्ग, त्यानंतर दही-दूध, वाळलेले बोंबील, सुकट, मटण जमेल तेव्हा. काळजात बी-१२ भरपूर असते, पण त्यातले अ जीवनसत्त्व जास्त झाले तर गर्भाला बाधते, म्हणून गरोदरपणी काळीज टाळावे. आपल्या आज्यांना त्यांच्या खाण्यावरून फार ऐकून घ्यावे लागले. त्यामुळे काही घरांनी चार लोकांत बरे दिसावे म्हणून अंडी-मासे सोडले आणि बदल्यात दूध काही वाढवले नाही. अशा घरातल्या पोरींचे बी-१२ एकदा जरूर तपासून घ्यावे. पौर्णिमेचा उपोसथ गरोदर उपासिकेने शील पाळून करावा, दुपारनंतर न जेवण्याचा नियम तिने धरू नये.

शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोरी खिडकीतून फेकतात, हे शिक्षकांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. गरोदर बाईची लाल गोळी रोज एक, निदान १८० दिवस, चहाबरोबर नाही. दिवस गेल्याचे कळताच आशाताईकडे नाव नोंदवावे, अंगणवाडीचा आहार घ्यावा आणि तो तिनेच खावा, घरभर वाटला जाऊ नये. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. ते दाखवून कुठल्याही जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात तपासणी होते.

राहिली नातीची साखर. गरोदरपणातली साखर तपासायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर उपचार सुरू होतो. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा, अशी दोनदा ही तपासणी करायची असते. "मी बारीक आहे, मला कशाला" म्हणून टाळू नये, वरचे सगळे त्याचसाठी लिहिले. बहुतेकींची साखर जेवण सांभाळून आणि रोज चालून आटोक्यात येते, काहींना औषध किंवा इन्शुलिन लागते, आणि त्याने बाळाला अपाय होत नाही. उलट साखर तशीच वाढू दिली तर गर्भातले बाळ जास्त साखरेत वाढते आणि पुढे त्यालाही हा आजार गाठण्याची शक्यता वाढते.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते आणि बाई विसरून जाते. पण सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची असते, आणि पुढे दर वर्षी एकदा. सहा आठवड्यांची ती तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे. त्याच सुमारास बाळाला पेंटाव्हॅलंटची पहिली लस टोचायला नेतात. आजी, त्या दिवशी तुम्ही बाळाला मांडीवर घ्या आणि नातीला रक्त द्यायला आत पाठवा.